फटफटीचा हॉर्न

वामनच्या फटफटीला हॉर्न नव्हता, म्हणून तो बहिणीला मागे बसवून न्यायचा.

अणुवीज प्रोजेक्टवरचा एक साहेब बदली होऊन जाताना ती जुनी गाडी विकून गेला होता. तेव्हापासून आपल्या नवापूर गावची मासळी वामन तिच्यावरून बोईसर स्टेशनला पोचवत असे. दोन्ही बाजूंना टोपल्या, मध्ये जमना, आणि रस्त्यात बैल, बकरी, माणूस काहीही आडवं आलं की जमनाने ओरडायचं, “बाजूऽऽ!” तिचा आवाज असा खणखणीत की बैलसुद्धा मुकाट्याने कडेला होत.

त्या सकाळी सरावलीच्या वळणावर मात्र एक जण ऐकेना. रस्त्यात पाठमोरा बसून तो तारेचं भेंडोळं गुंडाळत होता. जमना दोनदा ओरडली. वामनने ब्रेक दाबला, पुढचं चाक भेंडोळ्याला टेकलं, तेव्हा कुठे स्वारी निवांत उठली.

“कान हायत का नुसते दाखवायला?” जमनाने विचारलं.

“हायत की. पन मला वाटलं, कोन तरी मासली इकतंय.” त्याने गाडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे… आणि परत गाडीकडे वळायला त्याला जरा वेळच लागला. “हॉर्न नाय?”

“हीच हॉर्न,” वामन हसून म्हणाला.

“आवाज चांगला हाय. पन बॅटरीवर चालत नाय!”

जमनाला राग आला. इतका राग, की वळण संपेपर्यंत ती मागे वळून त्याच्याकडेच पाहत होती.

त्याचं नाव कमलाकांत. दातिवऱ्याचा, त्यांच्याच जातीचा, कोळ्याचा मुलगा. पण होडीत पाय ठेवला की पोटातलं सगळं बाहेर! बापाने चार मोसम वाट पाहिली, मग कंटाळून त्याला वायरमनच्या हाताखाली धाडलं. आता तो प्रोजेक्टवरच्या एका ठेकेदाराकडे कामाला होता आणि सरावलीत खोली घेऊन राहत होता. वामनने त्याला रविवारी घरी बोलावलं. हॉर्न बसवायचा होता, आणि टोपल्यांमुळे मागचा दिवा झाकला जायचा, म्हणून एक वेगळा दिवाही.

रविवारी तो आला. अंगणात गाडी उभी केली, सीटखालची बॅटरी उघडली आणि पुढे तार ओढत नेली. घरात दुसरं कोणी मोकळं नव्हतं म्हणे, म्हणून तार धरायला जमनाला बसावं लागलं. खरं तर आई रिकामीच होती.

“एक तार बॅटरीकडून हॉर्नला,” तो सांगत होता. “दुसरी बटनातून गाडीच्या लोखंडाला. परत जायला लोखंडच वाट.”

“म्हंजे अख्खी गाडीच तार?”

“अख्खी. म्हनून बॅटरीच्या तारेचं उघडं टोक गाडीला कुठं टेकू द्यायचं नाय. टेकलं की फ्यूज जलतो.” हँडलपाशी त्याने तार थोडी सैल ठेवली. “हँडल वलतं ना, इथं ढील पायजे.”

“जाल्यालाबी लागते ढील,” जमना म्हणाली. “नायतर फाटतं.”

त्याने मान वर केली. “तू इनतेस?”

“तुमाला काय वाटलं, नुसती वरडते?” मग थोडं थांबून, “आनि तुमचं नाव केवढं लांब… हाक मारेपर्यंत भरती येईल!”

“मग हाक नको मारू. हॉर्न वाजव. मी येईन.”

तिने बटण दाबलं. हॉर्न असा काही ओरडला की शेजारच्या कोंबड्या कुंपणापार गेल्या. दोघं हसली, आणि काशीबाईने, म्हणजे जमनाच्या आईने, दारातून दोघांकडे एकदा नीट पाहून घेतलं.

पुढच्या पंधरवड्यात हॉर्न खरोखरच बंद पडला. खारी हवा, तिथे तांब्याचं काय चालणार! कमलाकांत आला, हिरवं किटण खरवडलं, चहा प्यायला, दोन गोष्टी केल्या, गेला. जमनाला तो दिवस फार आवडला. पण नंतर हॉर्न काही बंद पडेना. मेला रोज वाजायचा.

मग एका शनिवारी जमनाने मासे कापायच्या सुरीच्या टोकाने हॉर्नचा स्क्रू सैल केला आणि तार काढली. टोक लोखंडाला टेकू द्यायचं नाही, हे तिच्या पक्कं लक्षात होतं. म्हणून जाळ्याच्या सुताचा तुकडा घेऊन तिने ती तार बाजूला बांधून ठेवली. रविवारी कमलाकांत आला, खाली वाकला, आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिला. मग सुताचा तुकडा खिशात टाकत वामनला म्हणाला, “खारी हवा, दुसरं काय.”

जमनाला वाटलं, त्याला काही कळलं नाही. तिने पुन्हा तेच केलं.

या खेपेला तिने आधी विचार केला होता. दुसऱ्या दिवशी कोणाची बोट येणार नव्हती, म्हणजे गाडी जायची नव्हती. पण समुद्र कोणाला विचारून वागतो? पहाटेच काकाची बोट पापलेट घेऊन लागली. जमना उठायच्या आत वामन टोपल्या लादून निघूनही गेला. सरावलीच्या वळणावर समोरून बैलगाडी आली, वामनने बटण दाबलं, हॉर्न मुका. पुढच्याच क्षणी गाडी चरात आणि पापलेट शेजारच्या भातात.

वामनचा हात मुरगळला, एवढ्यावर निभावलं. बाप भगवंत गाडी आणायला गेला. गाडी अंगणात येते न येते तोच कमलाकांतही धावत आला.

“तुला काम येत नाय तर घेतोस कशाला?” वामन त्याच्यावर ओरडला. “मेलो असतो मी!”

कमलाकांतने गाडीकडे पाहिलं. मग जमनाकडे. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

“चूक माजीच,” तो म्हणाला. “जोड ढिला ऱ्हायला.”

भगवंत खाटेवर बसला. गावच्या मच्छीमार सोसायटीत त्याचा शब्द चालायचा. सोसायटीच्या नव्या बर्फाच्या खोलीला वीज घ्यायची होती. ते काम आणि पुढची देखरेख कमलाकांतला द्यावी, असं भगवंत त्याच संध्याकाळी बोलणार होता. काम मिळालं तर तो इथेच राहणार. नाही मिळालं तर ठेकेदाराचा मुक्काम हलला की त्याच्या मागे कुठल्या कुठे जाणार. हे सगळ्या घराला माहीत होतं. जमना तर गेले आठ दिवस दुसरा विचारच करत नव्हती.

“एक हॉर्न नीट बसवता येत नाय,” भगवंत म्हणाला, “तर मी सोसायटीत काय तोंडानं बोलू?”

कमलाकांतने पिशवी उघडली. पिशवीत पक्कड टाकली, टेपची गुंडाळी टाकली. जमनाला वाटलं, आता हा जाणार… खाली मान घालून जाणार, आणि सगळा गाव म्हणणार, त्याचं काम कच्चं. तिने चौकट सोडली.

“बाबा!” तिचा तो बैलांना हटवणारा आवाज कुठल्या कुठे गेला होता. “त्याचा जोड चांगला होता. तार… तार मी काढली.”

वामन मुरगळलेला हात धरून पुढे आला.

“कशाला?” वामनने विचारलं.

जमनाने भावाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. कमलाकांतकडे पाहायचा धीर झाला नाही. “तो यावा म्हनून,” ती म्हणाली.

“आनि माजा हात?” वामन किंचाळला.

भगवंत हसला नाही, पण त्याच्या मिशा हलल्या. कनवटीचा सुताचा तुकडा काढून त्याने खाटेवर ठेवला. “चरातनं गाडी काडली तवाच दिसलं मला. डाव्या हाताची गाठ. आख्ख्या नवापुरात डाव्या हातानं कोन इनतं? मीच शिकवलीय तुला. बगत होतो, तू बोलतेस का याला बुडू देतेस.” मग तो कमलाकांतकडे वळला. “आनि तू? कोल्याचा पोर तू, तुला गाठ वलकता येत नाय?”

“पयल्याच टायमाला वलकली.”

“मग खोटं कशाला बोललास?”

कमलाकांतचे कान लाल झाले. “मलाबी यायचं होतं…”

काशीबाईने पदर तोंडाला लावला. मग आईला शोभेल अशी एक शंका तिने काढलीच, “पन हा होडीत वकतो म्हनतात.”

“बर्फाच्या खोलीत लाटा नसतात,” भगवंत म्हणाला आणि सोसायटीत जायला टोपी शोधू लागला.

संध्याकाळी काम मिळाल्याचं कळलं. तोवर कमलाकांतने वाकलेलं हँडल सरळ केलं होतं, तार पुन्हा जोडली होती. या वेळी तार धरायला जमनाला कोणी सांगावं लागलं नाही.

“वाजव,” तो म्हणाला.

तिने बटण दाबलं. कोंबड्या पुन्हा कुंपणापार गेल्या.

“आता हा वरीसभर बंद पडायचा नाय,” त्याने स्क्रू घट्ट पिळत म्हटलं. मग हळूच विचारलं, “मग मी यायचं कुठल्या कारनानं?”

जमनाने मासे कापायची ती सुरी उचलली आणि आत जाता जाता, त्याच्याकडे न पाहता म्हणाली, “आता कारन कशाला लागतंय?”