नईमभाईच्या गाड्यावरचा आवाज

तुम्हाला माझा आवाज ओळखीचा वाटत असेल. अकोल्यात राहत असाल तर वाटणारच. जरा ऐकून घ्या, मग काय ते ठरवा.

मी आचल. एका दवाखान्यात चिठ्ठ्या फाडायच्या कामाला. शेजारच्या खुर्चीवर जयवंताताई बसायची. दुपारी दवाखाना बंद झाला की ती औषधांच्या खोलीत शिरायची, कूलर बंद करायची, दाढेखाली लवंग धरायची आणि भाजीवाल्यांच्या भोंग्यासाठी मोबाइलवर आरोळी भरून द्यायची. ‘मेथी घ्या वो माय, सांभार घ्या...’ सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. नोकरी सांभाळून तिची ही वरकमाई. पहिले पैसे हातात आले तेव्हा तिने सगळ्यांना पेढे वाटले. माझा पेढा काही घशाखाली उतरला नाही.

खरं सांगते, मी जळत होते. गाणं शिकले मी, शाळेतली बक्षिसं माझी, आणि गल्लोगल्ली फिरायचा तिचा आवाज. गाडा आला की माझी आई खिडकीशी जायची. “काय गोड बोलते वो हे बाई,” म्हणायची. “तुले काहून जमत नाई असं काई?” मी ताट सरकवून उठायची.

मे महिन्यात तापाचं निमित्त झालं आणि जयवंताताई गेली. मी रडले. पण रडता रडता मनात आलंच की आता भोंगे रिकामे झाले.

भाजीवाल्यांनी तिचा आवाज बंद ठेवला होता. मी त्यांच्यातल्या नईमभाईंना बाजारात गाठलं आणि म्हटलं, आता मी भरून देते.

ते मान खाली घालून म्हणाले, “जयवंताताईच्या घरवाल्यानं, देवमनभाऊनं सांगतलं ताई, तेरवी होऊ द्या. तोवर माह्या बायकोच्या जागेवर दुसऱ्याचा आवाज नोका लावू म्हने.”

“तेरवीपर्यंत गाडा चूप ठेवसान का? माल सुकून चालला तुमचा.”

त्यांनी गाड्यावरच्या मेथीकडे पाहिलं. मग भोंग्यातलं मेमरी कार्ड काढून माझ्या हातावर ठेवलं.

त्याच दुपारी मी औषधांच्या खोलीत गेले. बाहेर उन्हानं रस्ता ओस पडलेला. कार्ड मोबाइलमध्ये घातलं, कूलर बंद केला. पाण्याची टपटप हळूहळू थांबली. ओल्या वाळ्याचा वास तेवढा राहिला, आणि त्याच्या खालून लवंगेचा. मी लवंग खाल्ली नव्हती.

घसा साफ करून मी आरोळी भरली. लावून ऐकली, तर जयवंताताईचा आवाज. जुनं काही राहिलं असेल म्हणून सगळं पुसलं, पुन्हा भरली. पुन्हा तीच. मग मी नुसतं बटण दाबलं आणि ओठ घट्ट मिटून बसले. थोड्या वेळानं लावून पाहिलं.

“तुले माहा आवाज पाह्यजे होता ना...” भोंग्यासाठी बोलायची तशीच ती गोड बोलत होती. “घे.”

कार्ड उपसून मुठीत धरलं आणि उन्हातून धावत घर गाठलं. दार आतून लावलेलं होतं.

“आई, दार उघड...”

आतली पावलं दाराशी येऊन थांबली.

“कोन... जयवंता?” आई कापत बोलत होती. “माय वो, तेरवी नाई झाली तुही अजून. असं कोनाच्या दारात येऊ नाई. माही आचल घरी नाई.”

“आई, मीच आचल...”

ते मी माझ्या कानांनी ऐकलं, जयवंताताईच्या आवाजात. जिभेवर लवंग चरचरत होती. आतून दुसरी कडीही लागली.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी नईमभाईंचा गाडा वळला. भोंगा सुरू होता. ‘मेथी घ्या वो माय, सांभार घ्या...’ माझा आवाज. शाळेत बक्षिसं मिळवलेला, माझा स्वतःचा. आई खिडकीकडे धावली.

“आचलच हाय,” ती रडत रडत हसली. “काय गोड बोलते वो माही पोरगी.”

हे शब्द ऐकायला मी किती दिवस झुरले होते. भोंग्याचं कार्ड माझ्या मुठीत रुतत होतं. मी दाराबाहेर उभी राहून तो आवाज ऐकत होते, आणि पुन्हा तशीच जळत होते.