दोराला दोनच झटके

मार्युनचं दूध आटत चाललं होतं, म्हणून आम्ही तिघं कड्यावर निघालो. मार्युन माझी बहीण, आठ दिवसांची बाळंतीण. तीन आठवडे वादळ घोंगावलं. ते ओसरल्यावरही दोन दिवस होडी रिकामीच परतली. मासळी कुठे पांगली, कुणालाच कळेना. घरातलं वाळवलेलं मटण संपलं होतं. आशा उरली कड्याच्या कपारींत राहणाऱ्या लोम्वी पक्ष्यांच्या अंड्यांची.

तुम्मासकाकांनी माझ्या कमरेला दोर बांधला. पाखरांच्या गलक्यात हाक पोचत नाही. दोन झटके दिले की वर ओढायचं, तीन दिले की पाखरं धरायची जाळ्याची काठी खाली सोडायची. मार्युनचा नवरा हानुस, माझे दाजी, दोर पेलत म्हणाले, "रिकामा आलास तर तुलाच शिजवीन."

उतरलो. खाली समुद्र धुमसत होता, वर आभाळ फिरत होतं. कपारीकपारीत काळ्या पाठीच्या, पांढऱ्या पोटाच्या लोम्वी लग्नघरच्या पाहुण्यांसारख्या खेटून उभ्या होत्या. प्रत्येकीच्या पावलांवर एकच अंडं. कुणाचं निळं, कुणाचं शाई सांडल्यासारखं, एकासारखं दुसरं नाही. मी एक उचललं, रीतीप्रमाणे कानाला लावलं.

आत टकटक होत होती!

दुसरं लावलं. तेही बोलत होतं. वादळाने आम्हाला उशीर केला होता. पलीकडच्या कपारीत तर पिल्लं बाहेरही आली होती.

आता उरली पाखरं. बसलेली लोम्वी सहसा उडत नाही. काठीने पंधरा सहज मिळाली असती. पण पिल्लावरचं पाखरू आमच्या बेटावर कुणी धरत नाही. मार्युनचा ओढलेला चेहरा डोळ्यांपुढे आला. दोरावर मूठ आवळली.

तेवढ्यात समोर एक लोम्वी उतरली. चोचीत एकच मासा, अजून वळवळणारा. मागून दुसरी, मग तिसरी! साऱ्या समुद्रातल्या पूर्वेच्या सुळक्याकडून!

मी दोन झटके दिले. तिसरा दिला नाही.

दोर वर सरकला. मध्येच अडकला. दगड सुटला! मी कड्याला चिकटलो. दगड कानाजवळून गेला. मान वर केली, तर शेजारची लोम्वी पिल्लावर पंख धरून तश्शीच उभी होती.

वर येताच दाजींनी पिशवी चाचपली. "रिकामी? तिला काय सांगू रे मी?"

"सांगा, होडी काढतोय. सुळक्यामागे मासळी आलीय. लोम्वी तिकडूनच आणतायत."

तुम्मासकाका गाठ सोडत म्हणाले, "मग माझ्याकडे काय बघत बसलात? वल्ही घ्या."

संध्याकाळी मार्युनच्या चुलीवर मासा रटरटला. ती पोटभर जेवली, मग बाळाला जवळ घेऊन बसली. दाजी उठले, एक ताजा मासा घेऊन कड्याच्या टोकावर गेले आणि कुणी न सांगता लोम्वींचा वाटा म्हणून तो खाली पाण्यात सोडून आले.