चुन्याची निवळी

तपासणीच्या दिवशी सकाळी बर्फवाल्या ताईंनी चहा घेतला, कप विसळून पालथा घातला, देवाला हात जोडले, विजेरी आणि हत्यारांची पिशवी उचलली आणि चपला पायात सरकवल्या. साहेब दुपारी येणार होते. त्याआधी एकदा आतून सगळं नजरेखालून घालावं, एवढाच विचार.

ताईंनी आयुष्यात कधी बर्फ विकला नव्हता. नाव पडलं ते बर्फघरापायी. गावाच्या टोकाला, पाणथळीच्या काठावर, बर्फाच्या लाद्या साठवायला कोणे एके काळी बांधलेलं ते घर. खिडकी नाही, एकच बुटकं दार, आणि भिंती अशा जाड की उन्हाळ्यानं बाहेरच ताटकळत बसावं. ते पाडून, मागची पाणथळ बुजवून गाळे काढायचे असा ठेकेदाराचा बेत होता. ताई आडव्या गेल्या. अर्ज झाले, कोर्ट झालं, लोकांची बोलणी खाऊन झाली. शेवटी निकाल लागला: बर्फघर उभं आहे तोवर पाणथळीला कुणी हात लावायचा नाही. म्हणजे दोघांचा जीव एकात अडकला. बर्फघर धोकादायक ठरलं की पाणथळ गेली, आणि तिच्याबरोबर तिथली बदकं, बगळे, लव्हाळ्यात अंडी घालणारी सगळी लेकुरवाळी गेली. डबर भरलेले ट्रक रस्त्याच्या वळणावर येऊन थांबलेच होते.

भिंतींना भेगा होत्या, हे खरं. ताईंनी आणि त्यांच्या दिरानं त्या भेगांवर आतून-बाहेरून काचेच्या पट्ट्या आडव्या चिकटवल्या होत्या. भेग रुंदावली की काच मधोमध तडकते. भिंत हलतेय हे कळतं. एक जरी पट्टी तडकलेली निघाली, तरी साहेबांना कागदावर ‘धोकादायक’ लिहायला तेवढं पुरे होतं.

आता जुन्या बांधकामाला सिमेंट चालत नाही. चुना पाण्यात कालवून ठेवायचा, तो तळाशी बसला की वरची नितळ निवळी काढायची आणि कुंच्यानं भिंतीला पाजायची. बारीक, केसासारख्या भेगा भिंत हळूहळू आपणच सांधते. मात्र एक हात मारला की ती पुरती सुकू द्यायची, मगच दुसरा. तपासणीची तारीख कळली आणि ताईंनी हा नियम सोडला. भिंत पीत होती, त्या पाजत होत्या. कुंच्याच्या दर फटकाऱ्याला देवाचं नाव, आणि नावाला जोडून एकच विनवणी: मिट गं बाई, मिट.

दीर आधी हसायचा. म्हणायचा, माझ्या पुतण्याला एवढं पाजलं असतंत तर पैलवान झाला असता. पण काल भिंतीला कान लावला आणि त्याचं हसू मावळलं.

“वहिनी, आता पुरे करा,” तो म्हणाला. “ही तहान काही साधी वाटत नाही.”

ताईंनी उरलेली बादलीही पाजली.

दार ढकलून त्या आत शिरल्या. नेहमीचा गारवा, ओल्या चुन्याचा वास. विजेरी पहिल्या पट्टीवर धरली. काच शाबूत होती. ताईंनी देवाचे आभार मानले, मग जवळ जाऊन पाहिलं. काचेखाली भेग नव्हती. नख फिरवलं, तर भिंत अंड्याच्या कवचासारखी गुळगुळीत. निवळीचा गुण, त्या स्वतःशी म्हणाल्या. इतका गुण येत नसतो हेही त्यांना ठाऊक होतं. पण आपल्या बाजूनं लागणाऱ्या निकालाशी भांडतं कोण?

दुसरी पट्टी तडकली नव्हती. तिची भुकटी झाली होती. ताईंनी ती चिमटीत घेतली. भेग उघडली तर काच दुभंगते. दोन्ही बाजूंनी कुणी चेपत आणलं, तरच असं पीठ होतं.

रोज निवळीचं भांडं ठेवायच्या त्या कोनाड्यात आता मूठ शिरेना. जमिनीलगत पाणथळीकडे जाणारी मोरी होती. तिथून नेहमी बदकांचा कलकलाट ऐकू यायचा. आज काहीच ऐकू येईना. विजेरी खाली वळवली. मोरीच्या जागी सपाट, पांढरी, ओलसर भिंत होती.

ताई दाराकडे वळल्या. घाई नको, घाबरायचं नाही, असं स्वतःला बजावत भिंतीवरून हात फिरवत चालल्या. कोपरा आला. पुढचा कोपरा आला. मग तिसरा, मग चौथा. दार कुठेच लागलं नाही.

त्यांनी हाक मारली. आवाज तोंडातून निघाला आणि भिंतीनं पाण्यासारखा पिऊन टाकला.

पिशवीत दिराची हातोडी होती. ताईंनी ती उचलली. आणि नेमकं तेव्हाच बाहेरचं बोलणं ऐकू आलं. एवढ्या जाड भिंतीतून ऐकू यायला नको होतं. पण आलं, शेजारी बसून बोलावं इतकं स्वच्छ.

“या पट्ट्या कशाला लावल्यात?” साहेब विचारत होते. “खाली भेग कुठंय?”

दुपार कधी झाली, ते ताईंना कळलं नाही. हातोडी वर तशीच राहिली. एक घाव घातला तर भोक पडेल, माणसं धावतील, त्या सुटतील. आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत भिंत फुटेल. वळणावरचे ट्रक संध्याकाळच्या आत पाणथळीत रिते होतील.

त्यांनी हात खाली घेतला. साहेबांची सही होऊ दे, मग फोडू. तेवढा दम धरू.

“आतून बघायचंय,” साहेब म्हणाले. “दार कुठल्या बाजूला?”

दीर बर्फघराकडे पहिल्यांदाच पाहावं तसा पाहू लागला.

“दार?” तो म्हणाला. “मी तरी याला कधी दार पाहिलं नाही, साहेब. वहिनींना विचारा. इथंच पाणथळीवर असतील कुठंतरी.”

ताईंनी हातोडी उचलली. या वेळी खरोखर मारायला उचलली.

कोपर मागच्या भिंतीला लागलं.

मागे एवढ्या जवळ भिंत नव्हती.

त्यांनी हात पुढून फिरवू पाहिला. पुढेही जागा नव्हती. विजेरी कुठेतरी खाली पडली, पण तिचा आवाज आला नाही. गालाला ओला, गार चुना टेकला होता. ओठांवर देवाचं नाव होतं. ते उच्चारायला ओठ उघडेनात.

बाहेर साहेबांनी छोटा हातोडा काढला. भिंत पोकळ झालीय की धड आहे, ते ठोकून नादावरून ओळखतात. त्यांनी एका टोकापासून सुरुवात केली.

“भरीव,” ते म्हणाले. दोन पावलं सरकले. “भरीव.”

“म्हणजे धोका नाही?” दिरानं विचारलं. त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता.

“धोका कसला? ही काही आता हलत नाही. सही करतो मी. तुमच्या वहिनींना सांगा, पाणथळ वाचली.”

पावलं आणखी जवळ आली आणि थांबली. साहेबांनी शेवटचं म्हणून एकदा ठोकलं.

तो ठोका ताईंना कानानं ऐकू आला नाही. तो त्यांना दातांत जाणवला.

“भरीव,” साहेब म्हणाले.