माणिककाकूचा दुसरा कप

विश्वास ठेवा, नका ठेवू, तुमची मर्जी. पण हे माझ्या सख्ख्या चुलतभावाच्या घरात घडलंय, आणि त्यात पदरचं मी काही घातलेलं नाही.

उज्जैन. टावर चौकाच्या मागची गल्ली. साल चौऱ्याण्णव, दिवाळी नुकतीच आटोपलेली. वेळ दिवेलागणीची.

हा चुलतभाऊ, शैलेंद्र, बँकेत होता आणि दिवाळी अंकांत कथा लिहायचा. दिवसभर काउंटरवर मान मोडायची, घरी येऊन कागद घेऊन बसायचं. पार थकून गेला होता बिचारा. बरं, नवीन काही सुचायचं नाही. मग घरातलंच काढून लिहायचा. आत्याचं मोडलेलं लग्न लिहिलं, आजोबांची भाऊबंदकी लिहिली. नातेवाईक तोंडावर वाहवा करायचे आणि मागे बोटं मोडायचे.

त्या वर्षी लिहायला एकच गोष्ट उरली होती. त्याच्या आईचा, माणिककाकूचा चहा.

शैलेंद्रचे वडील नाना. रोज संध्याकाळी ऑफिसातून सायकलने यायचे. पुढचं चाक ओट्याच्या पायरीला टेकायचं, मग स्टँडचा खटका. तो ऐकला की माणिककाकू चहा टाकायची. नाना गेले, सायकल कबाड्याने भंगारात नेली, तरी काकू त्या वेळेला दोन कप चहा करायची. एक आपला. दुसरा दाराजवळ ठेवायची.

कोणी विचारलं तर म्हणायची, "आले ना ते. तुम्हाला ऐकू येत नाही, त्याला मी काय करू?"

घरात कोणी वाद घालत नसे. त्या एका कपावर बाई दिवस काढत होती.

शैलेंद्रने तेच लिहिलं. पुण्याहून संपादकांचा फोन आला, बाकी छान आहे, पण गोष्टीला शेवट हवा. शैलेंद्रच्या अंगात त्राण नव्हतं. त्याने एका बैठकीत शेवट जोडून टाकला. बायको दाराशी जाते आणि मेलेल्या नवऱ्याला सांगते, आता येऊ नका, इथे तुमची कोणी वाट बघत नाही.

अंक घरी आला. काकूने चष्मा लावून गोष्ट पूर्ण वाचली. अंक मिटून बाजूला ठेवला.

त्या संध्याकाळी तिने एकच कप चहा केला.

सुनेने, प्रतिभाने, विचारलं तर म्हणाली, आज काही ऐकू नाही आलं. दुसऱ्या दिवशीही नाही. मग रोज ती वेळ झाली की कान देऊन बसायची आणि पदराने डोळे पुसत आत जायची. जेवण सुटलं. शैलेंद्रने समजूत काढली की आई, कथा आहे ती, त्यात खोटंच असतं.

"मी असं कधी म्हटलं होतं का रे त्यांना?" काकूने एवढंच विचारलं.



आठवडाभराने एका संध्याकाळी तो बाहेरच्या खोलीत आडवा पडला होता. लाइट गेलेली, मोहल्ल्यातले टीव्ही बंद. काकू शेजारी मेथी निवडत होती.

आणि...

ओट्याच्या पायरीला काहीतरी टेकलं.

मग... खट्.

शैलेंद्र उठून बसला. त्याने दार उघडलं. ओट्यावर कोणी नव्हतं. काकूने तर मानही वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. प्रतिभालाही काही ऐकू आलं नाही. पण सकाळी ती ओटा झाडायला गेली आणि झाडू हातात धरून तशीच उभी राहिली. धुळीत सायकलच्या चाकाची रेघ होती... गल्लीतून थेट पायरीपर्यंत आलेली.

परत गेलेली नव्हती.

शेवटी शैलेंद्रला राहवलं नाही. त्या संध्याकाळी खटका वाजताच तो म्हणाला, "आई, नाना येऊन राहिले बघ."

गुडघे धरून चालणारी काकू ताडकन उठली. चहा केला, कप घेऊन दारात गेली. बराच वेळ उभी राहिली.

तिच्या अगदी शेजारी... नाना खाकरले.

शैलेंद्रने स्पष्ट ऐकलं. काकू मात्र भलतीकडेच, गल्लीच्या टोकाकडे बघत होती.

"कुठे आहेत रे?"

"इथेच. तुझ्याजवळ."

"मग आत का येत नाहीत?"

त्याने रडत रडत दाराकडे तोंड करून सांगितलं की नाना, ते मी लिहिलं होतं, आई नाही बोलली. काहीच हललं नाही. चहावर साय धरली.

त्यानंतर रोज हेच. काकू विचारायची, आले का? तो म्हणायचा, आले. उभेच आहेत? उभेच. शैलेंद्रने लिहिणं सोडलं, बँकेतून दुसऱ्या गावी बदली मिळत होती, ती मात्र घेतली नाही. आई गल्ली सोडायला तयार नव्हती.

एका संध्याकाळी काकू कप खाली ठेवत हळूच म्हणाली, "बाहेर खुर्ची ठेव बेटा. थकले असतील."

काकू जाऊनही आता बरीच वर्षं झाली. खुर्ची अजून ओट्यावर आहे. मी उज्जैनला गेलो की मागच्या दाराने आत जातो.