खुर्चीला सॉरी म्हणणारा माणूस

कॉरिडॉरच्या वळणावर दोघं एकमेकांवर आदळले आणि त्याच्या हातातल्या फायली फरशीवर पसरल्या.

"सॉरी," तो तिला म्हणाला. मागे सरकताना पाण्याच्या कूलरला त्याचा धक्का लागला, तर त्यालाही म्हणाला, "सॉरी"... आणि तेही अगदी मनापासून!

ती जाहिरात विभागात चित्रं काढायची. तो अकाउंट्समध्ये नवा. त्या दिवसापासून तिला त्याच्याकडे बघायचा नादच लागला. तो दाराला सॉरी म्हणे, खुर्चीला म्हणे. तिला हसू आवरेना. घरी बसून तिनं एक छोटीशी कार्टून फिल्म केली. ऑफिसातल्या खुर्च्या सभा भरवतात, 'आपल्याशी इतक्या अदबीनं दुसरं कोण वागतं?' असं एकमेकींना विचारतात, आणि दुसऱ्या दिवशी तो येताच सगळ्या वाकून मुजरा करतात.

ऑफिसच्या वर्धापनदिनी ती फिल्म दाखवली. हॉलमध्ये नुसता हशा! मॅनेजरसाहेब हसून हसून डोळे पुसत होते. रिसेप्शनवाली म्हणाली, "यात स्टोरी काय होती पण?" अकाउंट्सच्या हेडना ही ऑफिसची थट्टा वाटली, ते तोंड वाकडं करून बसले. त्याच विभागातल्या, निवृत्तीला आलेल्या काकू मात्र तिच्या कानाशी लागल्या.

"अगं, इतकं बारीक कुणी कुणाकडे उगाच बघत नाही. काय आहे मनात?"

तिचे कान तापले. तिनं चोरून त्याच्याकडे पाहिलं. सगळ्यांबरोबर हसायचा प्रयत्न करत होता बिचारा... पण मान खाली होती.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं 'सॉरीशेठ' असं बारसं झालं. कुणी त्याच्यासमोर खुर्ची वाकवायचं, कुणी दारालाच सांगायचं, "बाजूला हो रे, शेठ आले!" आणि तो सॉरी म्हणायचाच बंद झाला. कशालाही धक्का लागू नये म्हणून अंग चोरून, हात छातीशी धरून चालायला लागला. ते बघून तिला चुटपुट लागली. आपली हौस झाली, पण त्याचं जिणं नकोसं झालं!

मग काकूंनीच सांगितलं, "बदली मागतोय तो. दुसऱ्या शाखेत."

त्या दुपारी कॅन्टीनमध्ये पुन्हा कुणीतरी खुर्ची वाकवली. ती ताडकन उठली.

"बस झालं! फिल्म मी केली. त्यांना न विचारता केली. मला माझीच लाज वाटते. हसायचं तर मला हसा."

तो डबा तसाच टाकून जिन्याकडे निघाला. ती मागे धावली.

"ऐका ना... माझं चुकलं. फार चुकलं. पण जाऊ नका तुम्ही."

"सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती?"

"सगळ्यांसमोरच तर हसं केलं होतं मी तुमचं."

तो पायरीवर बसला. ती दोन पायऱ्या खाली उभी राहिली. त्याच्याकडे वर बघायचा धीर होईना.

"फिल्म मला आवडली होती," तो म्हणाला.

"काहीतरीच!"

"खरंच. खुर्च्यांच्या सभेला तर मीही हसलो. पण शेवटी तो माणूस ऑफिसातून एकटाच घरी जातो... खांद्यावरची पिशवी सारखी या खांद्यावरून त्या खांद्यावर करत. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. तुम्हाला कसं कळलं?"

आता मात्र धरणीनं पोटात घ्यावं, असं तिला वाटलं.

"मी... खिडकीतून बघायचे. रोज. तुम्ही कोपऱ्यावरून वळेपर्यंत."

"फिल्मसाठी?"

"आधी वाटायचं, फिल्मसाठी." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "फिल्म झाल्यावरही बघतच होते. काकूंना कळलं... मलाच उशिरा कळलं. तुम्ही आवडता मला. आता हवं तर खुशाल हसा."

तो हसला नाही. उठला आणि दोन पायऱ्या उतरून तिच्याजवळ आला.

"बदलीचा अर्ज मागे घेतो," तो म्हणाला. "पण एक अट आहे."

"कोणती?"

"आज खिडकीत उभी राहू नकोस. खाली ये... कोपऱ्यापर्यंत बरोबर जाऊ."

तिनं मान डोलावली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते तिला जागेवर परतल्यावर कळलं, आणि तिनं लाजून तोंड ओंजळीत लपवलं.