रस्त्यावर गेलेला पांढरा गोळा

केसरच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. द्यायचं नव्हतं असं नाही… मायन्यापाशीच अडलो. ‘श्रीमती केसरबाई यांस’ असं लिहिलं, तर वाचनालयातून गेलेलं स्मरणपत्र वाटलं. ‘प्रिय’ लिहिलं आणि घाबरून कागदच उलटा केला. जन्मभर लोकांना पुस्तकं देण्याचं काम केलेल्या माणसाला एक शब्द सापडू नये, हे मला नवं नव्हतं. पुस्तकातले शब्द माझे नव्हतेच कधी.

आमची गाठ पडली ती कार्लेखिंडीत, बसचं टायर पंक्चर झालं तेव्हा.

मी पालीहून अलिबागला परतत होतो. देवदर्शन हे निमित्त. खरं म्हणजे बसच्या खिडकीशी बसून छान वाचून होतं, म्हणून मी लांबचे देव निवडतो. त्या दिवशीचं पुस्तक इंग्रजी होतं. माझ्या आवडीचं — पूल खेळणाऱ्यांचं. हिरव्या टेबलावर पांढऱ्या गोळ्याला काठी मारून त्यानं रंगीत गोळे भोकात ढकलायचे, एवढाच तो खेळ. पण ते खेळाडू… काठीची पेटी काखेत मारून गावोगाव हिंडणारे, रस्त्यालाच घर मानणारे. अशी पुस्तकं मी किती वाचली असतील! टेबल मात्र हाताच्या अंतरावर कधी पाहिलं नव्हतं.

प्रकरण संपलं, मान वर केली, तर बस रिकामी. सगळे मिळेल त्या गाडीनं निघून गेले होते. मी पानात बोट घालून रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. तेवढ्यात एक ट्रक थांबला आणि उंचावरून बाईचा आवाज आला.

“कुठं जायाचं?”

“अलिबाग… पण तुम्हाला त्रास—”

“तरास मना न्हाय, गाडीला. चढा.”

चढायला मला दोनदा पाय बदलावा लागला. ती हसली नाही. फक्त आपली पाण्याची बाटली उचलून जागा करून दिली. साठीची असेल. कपाळावर घाम, हातात काचेच्या बांगड्या, आणि त्या बांगड्यांचा आवाज न करता ती ते भलंमोठं चाक फिरवत होती. मी समोर पाहिलं आणि बघतच राहिलो. एवढ्या उंचीवरून मी आपला रस्ता पाहिलाच नव्हता. भाताची खाचरं, नारळीचे शेंडे, दूर खाडीची चकाकी — सगळं आपणहून आमच्याकडे येत होतं.

“पुस्तकात काय हाय एवढं,” ती म्हणाली, “की बस खाली झालेली कळली न्हाय?”

मी सांगितलं. टेबल, गोळे, काठी, गावोगाव हिंडणं.

“पोटासाठी हिंडतात?”

“हो… आणि रस्त्यासाठी.”

तिनं गिअर बदलला. “रस्त्यासाठी,” ती स्वतःशीच म्हणाली. “मालक गेल्यावर मी गाडी धरली, तवा लोक म्हणले, पोटासाठी करते बिचारी. मी पण तेच सांगत आले. खरं काय ते कुणी विचारलंच न्हाय.”

मला वाटलं, आपण काहीतरी फार मोठं ऐकलं. म्हणालो एवढंच, “हं.”

“तुमी खेळता?”

“छे… मला नाही येत.”

तिनं एक नजर टाकली. चष्म्यावर, मग हातावर. “थळला माझा ढाबा हाय, मास्तर. पोरानं तसलं टेबल आणलंय, कारखान्याच्या रांगेत थांबणाऱ्या ड्रायव्हर लोकांसाठी. बघून जा.”

“मी मास्तर नाही.”

“चष्मा हाय, पुस्तक हाय. मंग मास्तरच.”

थळच्या खतकारखान्याकडे जाणाऱ्या वाटेवर तो ढाबा होता. आत भजी तळल्याचा धूर, सुक्या मासळीचा वास, आणि मधोमध, पत्र्याच्या छपराखाली — ते. मी चपला काढल्या. का काढल्या, माहीत नाही. कापडावर तळहात ठेवला. समुद्राच्या हवेनं ते किंचित दमट झालं होतं, शेवाळल्या पायरीसारखं गार. मागून बांगड्या वाजल्या. गाडीत न वाजलेल्या बांगड्या.

“असं तर आमी पालखीला हात लावतो,” ती हळूच म्हणाली.

त्यानंतर दर बुधवारी मी जाऊ लागलो. वाचून दाखवायला. मी इंग्रजी वाक्य मनात वाचायचो आणि मराठीत सांगायचो. अडखळलो की ती जवळा निवडता निवडता थांबायची, मला शब्द सापडेपर्यंत. परदेशातला तो लांब हायवे माझ्या तोंडून यायचा आणि ती त्यात आपला घालायची. “असाच एक चढ हाय बगा, सोलापूरच्या पुढं,” म्हणायची, आणि मग मी पुस्तक मिटायचो. पहाटे धुक्यात पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यामागून जाणं, सीटखाली ठेवलेली भाकर, अनोळखी गावात चहावाल्यानं ‘ताई, पुन्हा आलात?’ म्हणणं… मी नुसतं ऐकायचो. माझ्या पुस्तकांतले सगळे रस्ते या बाईच्या तळव्यांवरून गेले होते.

पण एक घोटाळा झाला. या पुस्तकांत अट्टल खेळाडू नव्या गावात शिरला की लाजून म्हणतो, ‘मला फारसं येत नाही.’ लोक फसतात, आणि मग तो सगळ्यांना लोळवतो. दर दोन प्रकरणांनी हेच. केसरला ते फार आवडायचं.

“लबाड,” ती म्हणायची. एकदा असंच म्हणाली आणि माझ्याकडे बघायला लागली. “तुमी पण गाडीत हेच म्हणालात.”

“मला खरंच येत नाही.”

“व्हय. त्यो पण ‘खरंच’ म्हणतो.”

“केसरबाई, मी काठी धरलेलीसुद्धा नाही.”

“आणि टेबलाला हात कसा लावलात? माहीत असलेल्याचा हात होता त्यो.”

मी जितकं नाही म्हणायचो, तितकी तिची खात्री होत गेली. आणि खरं सांगू? तिच्या डोळ्यांत मी कधीकाळी पेटी घेऊन हिंडलेला कुणीतरी होतो… ते डोळे सोडवेनात. माझं नाही म्हणणं हळूहळू बारीक होत गेलं.

एका रविवारी तिनं बोलावलं म्हणून गेलो, तर टेबलाभोवती ड्रायव्हरांचं कडं. तिचा मुलगा प्रज्योत काठीला खडू लावत उभा. त्याला थळमध्ये कुणी हरवलं नव्हतं.

“या काका,” तो म्हणाला. “आई म्हणते, तुम्ही माझी मस्ती उतरवणार.”

केसर गल्ल्यामागे उभी होती. नवं लुगडं नेसली होती, आबोलीचा गजराही माळला होता. तिनं मला डोळ्यानंच खूण केली — आता पुरे झालं सोंग, मास्तर.

मी काठी घेतली. वाचलेलं सगळं आठवलं. पाय कसे ठेवायचे, श्वास कधी सोडायचा, गोळ्याच्या कुठल्या अंगाला टोक लावायचं. वाकलो. नेम धरला… आणि मारलं.

पांढरा गोळा रंगीत गोळ्यांकडे गेलाच नाही. तो उडाला. टेबलाच्या कडेवर आपटला, कुणाच्या तरी चहाला चाटून दाराबाहेर पडला आणि डांबरी उतारावरून गडगडत निघाला. एका रिक्षानं त्याला वाट दिली. आणि छप्पर उडेल असं हसू फुटलं. प्रज्योत बाकावर बसून डोळे पुसत होता. “काका, असा पहिला फटका मी आयुष्यात पाहिला नाही.”

केसर हसली नाही. ती दारात जाऊन रस्त्याकडे बघत उभी होती, माझ्याकडे पाठ करून. मला तेवढं पुरलं. मी पिशवी उचलली आणि मागच्या दारानं निघालो. पुस्तक तिथेच राहिलं.

पुढचा बुधवार गेला. त्यापुढचाही. मग ते पत्र आलं. अक्षर मोठं, ओळी चढावर चढत गेलेल्या.

‘मास्तर, फोनवर तुमी नुसतं हं हं करता म्हणून कागद घेतला. तुमाला खेळता येत न्हाय. तुमी खरं बोलत होता, मीच पुस्तकाचं धरून बसले. गोळा गावला. नारळाच्या आळ्यात गेला होता. टेबलावर ठेवला न्हाय, गाडीत समोर ठेवलाय, गणपतीच्या बाजूला. बाकीचे गोळे जन्मभर टेबलावर फिरतात, ह्या एकानं रस्ता धरला. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी खत घेऊन लातूरला चालले. माझी शेवटची लांबची खेप. मंग चावी प्रज्योतला. बाजूची शीट खाली हाय. येता की न्हाय, कागदावर कळवा. केसर.’

मी ते किती वेळा वाचलं, विचारू नका. पण वाचता येणं निराळं आणि विश्वास बसणं निराळं. मला वाटलं, दया आली असेल. पडलेल्याला हात द्यावा तशी. आणि समजा गेलोच, तर त्या केबिनमध्ये मी काय करणार? रस्त्याबद्दल वाचणारा माणूस रस्त्यावर ओझंच. मायना लिहायचो, खोडायचो. दिवाळी अंगणात येऊन ठेपली.

वसुबारसेला तिची सून प्राप्ती माझ्या दारात आली, पिशवीत पुस्तक घेऊन.

“आई म्हणाल्या, वाचनालयाचं आहे. उशीर झाला तर तुम्हाला बोलणी बसतील.”

मी पुस्तक उघडलं. आम्ही थांबलो होतो त्याच पानात वजनकाट्याची पावती खूण म्हणून घातलेली.

“तुम्ही… पुढे नाही वाचलंत?” मी विचारलं. प्राप्ती अलिबागच्या कॉलेजात शिकलेली, तिला इंग्रजी सहज येतं.

“मी म्हटलं होतं, वाचून दाखवते. तर म्हणाल्या, न्हाय. अडखळत सांगतात तसंच ऐकायचंय.” ती हसली. “काका, तेवढा पांढरा बॉल मागून द्या ना त्यांच्याकडून. गाडीतून काढून देत नाहीत. पोरं मोसंबीनं खेळतात. कालपासून टेबलाला मुंग्या लागल्यात.”

मीही हसलो. ती पायरी उतरली आणि पुन्हा वळली.

“परवा पोस्टमन आला होता. आई भजी कढईत टाकून बाहेर धावल्या. वीजबिल होतं.” पिशवीची घडी घालत ती म्हणाली, “भजी करपली. त्यांची भजी मी कधी करपलेली पाहिली नाहीत.”

ती गेल्यावर मी पुस्तक घेऊन ओट्यावर बसलो. मला एक खोड आहे — शेवटचं पान आधी बघायचं. भितोच ना शेवटाला. पण या पुस्तकाचा शेवट मी पाहिला नव्हता. तिला सांगताना मलाही पुढचं माहीत नसावं, असं का कोण जाणे वाटलं होतं. आणि तिकडे ती, एवढे रस्ते पालथे घातलेली बाई, एका पानापाशी गाडी उभी करून थांबली होती. माझ्यासाठी. मी पावतीवरून बोट फिरवलं. दयेनं कुणी भजी करपू देत नाही.

कागद घेतला. या वेळी मायना अडला नाही.

‘केसर,

मला खेळता येत नाही. गाडीही येत नाही. घाटात मला मळमळतं, तेव्हा लिंबू बरोबर घेईन. आवाज बारीक आहे. चढावर इंजिनापुढे ऐकू जायचा नाही, म्हणून चढाला तू बोल, उताराला मी वाचेन. त्या दिवशी तू पाठ केलीस तेव्हा मला वाटलं, तुला माझी लाज वाटली. तू गोळा कुठे जातो ते बघत होतीस, हे माझ्या ध्यानात आलं नाही. पुस्तकाचा शेवट मीही पाहिलेला नाही. गाडीत उंचावर बसून तुझ्याबरोबर रस्ता बघणं, याहून मोठं काही माझ्या आयुष्यात झालेलं नाही. बाजूची सीट ठेव.

दिनानाथ.’

आधी ‘ठेवा’ लिहिलं होतं. काना खोडला. खाडाखोड दिसत होती, तशीच राहू दिली.

थळ इथून जवळ. रिक्षानं जाऊन हातात देता आलं असतं. पण तिनं कागद मागितला होता, आणि पोस्टमन आल्यावर ती धावत बाहेर येईल ते मला कुणाकडून तरी ऐकायचं होतं.

नाक्यावरच्या लाल पेटीसमोर उभा राहिलो. कंदील विकणाऱ्या बाईनं विचारलं, “बाबा, लांबचं पत्र हाय का?”

“लातूरपर्यंत जायचंय,” मी म्हणालो.

पाकीट फटीत धरलं. पाय कसे ठेवायचे, श्वास कधी सोडायचा, काही आठवलं नाही. सोडून दिलं.

आत, खाली, टप्प… असा आवाज आला. टेबलाच्या भोकात गोळा पडल्यासारखा.