चालू लॅपटॉपची साक्ष

"पाच वाजता फोन करणार," म्हातारा मर्ल हॉगन म्हणाला. "तोवर माझी स्टिक या टेबलावर आली पाहिजे."

मुदतीआधी तुरुंगातून सुटून इथे स्वयंपाक करणाऱ्या ओडेटच्या पॅरोल अधिकाऱ्याला तो फोन जायचा होता. नंबर त्याने तिलाच विचारला होता आणि तिनेही तो न अडखळता सांगितला होता. तक्रार गेली की शिक्षेचे उरलेले चौदा महिने पुन्हा तुरुंगात, हे तिला माहीत होतं. सुपाची भांडी विसळायची राहिलीत, हेही तितकंच माहीत होतं.

वाचनालयाच्या या तळघरात जुने लॅपटॉप दुरुस्त होत. बिघडलेली डिस्क काढून टाकायची आणि बोटाएवढ्या यूएसबी स्टिकवरून हलकी लिनक्स सिस्टीम चालवायची. मर्लच्या स्टिकवर तळ्यावरच्या बर्फाच्या जाडीच्या अकरा हिवाळ्यांच्या नोंदी होत्या. दुसरी प्रत नव्हती. उद्या तो त्या गावसभेत मांडणार होता.

कार्यशाळा चालवणाऱ्या क्लाइडने आपली मैत्रीण, खासगी तपासनीस हिल्मा राउटिओ, हिला बोलावून घेतलं होतं. ती कोट न काढताच बसली.

"सांगा, मर्ल."

"दहाला लॅपटॉप सुरू केला नि वर गेलो. पेपर वाचले, जेवलो. दीडला खाली येऊन भाषण लिहायला बसलो. पावणेचारला साठवायला गेलो, तर म्हणे स्टिक सापडत नाही. मागची खाच रिकामी! आत डिस्क नाही, मीच काढलीय. यंत्र पावणेचारपर्यंत चाललं, म्हणजे स्टिक तोवर होती. आणि दीडनंतर टेबलापाशी फक्त ही आली, सूप घेऊन."

"वाईट वाटतं," क्लाइड म्हणाला, "पण हिशोब सरळ आहे."

"बस चालवायचास तेव्हाही तुला सगळे रस्ते सरळच दिसायचे," हिल्मा म्हणाली. "मर्ल, दुपारी नोंदी उघडल्या होत्या?"

"कशाला? आकडे शेवटी घालणार होतो."

"यंत्र चालतं कसं?"

"पळतं! इथे दुरुस्तीला येणाऱ्या गॉर्डनने गेल्या आठवड्यात नवी सिस्टीम घालून दिली. आधी प्रत्येक क्लिकला स्टिकचा दिवा लुकलुकायचा. एकदा धक्क्याने ती निसटली, तर सगळं गोठलं. आता सुरुवातीला पाचेक मिनिटं लुकलुकतो, मग शांत."

हिल्मा ओडेटकडे वळली. "तू?"

"दीडपर्यंत वर स्वयंपाकघरात. मग सूप घेऊन खाली. मी घेतली नाही."

"दीडपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर होती, ते खरं," मर्ल म्हणाला.

आणखी काहीतरी बोलायला हवं, हे ओडेटला कळत होतं. तिने टेबलावरचा सुपाचा वाडगा उचलला.

साडेचारला गॉर्डन प्रुइट आला. बर्फाला भोक पाडून मासे धरणाऱ्यांना गोठलेल्या तळ्यावर झोपड्या भाड्याने देणारा. "सकाळी इथे एकटाच होतो," तो म्हणाला. "एकला दंतवैद्याकडे गेलो. विचारा त्यांना."

"स्टिक सकाळीच कोणी काढली असेल तर?" हिल्माने विचारलं.

"छे! यंत्र जागीच थांबलं असतं की."

क्लाइडने मान डोलावली. हिल्माने क्लाइडकडून मर्लच्या नव्या सिस्टीमचीच दुसरी स्टिक मागून घेतली आणि एक लॅपटॉप सुरू केला. पाच मिनिटं स्टिकचा दिवा लुकलुकला, मग विझला. तिने पडद्यावर पत्त्यांचा डाव मांडला आणि स्टिक उपटली.

पत्ते हलत राहिले.

"ही सिस्टीम सुरू होतानाच सगळी यंत्राच्या मेमरीत चढते," हिल्मा म्हणाली. "मग स्टिक लागते ती साठवायला. म्हणजे चालू यंत्र पावणेचारची साक्ष देत नाही. स्टिक दहानंतर कधीही गेली असेल. एकपर्यंत खाली एकटे गॉर्डन होते."

"पण तेच तर म्हणाले, यंत्र थांबलं असतं!" क्लाइड म्हणाला.

"तिथेच ते फसले. मर्लना जुन्या सिस्टीमची सवय, त्यांची चूक समजते. पण ज्याने नवी घातली, त्याला हे माहीत नसेल? आणि उद्या सभेत पातळ बर्फाचे आकडे वाचले गेले, तर झोपड्या कोण घेणार?"

गॉर्डनने खिशातून स्टिक काढून टेबलावर ठेवली. "परत देणार होतो. एक हंगाम निघाला असता."

पाचला दोन मिनिटं होती.

"मी फोन केला नाही, ओडेट," मर्ल म्हणाला.

"हो."

"उद्या येशील ना?"

"दहाला येईन." ती कोटाची बटणं लावत होती. "माझी पिशवी दारापाशी ठेवत जाईन. निघताना रोज उघडून बघत जा."